रविवारचं कुलूप

कंपनीच्या बसमधली जागा कुणी कुणाला लिहून देत नाही, पण ती सातबाऱ्यापेक्षा पक्की असते. चिंचवड स्टेशनहून सकाळी पावणेसातला सुटणारी सात नंबरची बस चाकणला पोचायला दीड तास घेते, आणि त्या दीड तासात कोण कुठे बसणार, कोण कुणाच्या खांद्यावर डुलकी काढणार, हे वर्षानुवर्षं ठरलेलं असतं. नीला ओव्हाळची जागा डावीकडे, चौथ्या रांगेत, खिडकीशी. तिच्या शेजारची जागा ज्योतीरामची. तो डिसेंबरात रिटायर झाला. रिटायर झालेल्या माणसाची जागा महिनाभर रिकामी ठेवायची, ही या बसची जुनी रीत. त्यामुळे जानेवारीतल्या त्या मंगळवारी नाशिक फाट्याला एक उंच, पिकल्या मिशांचा गृहस्थ चढला आणि सरळ येऊन तिथेच बसला, तेव्हा मागच्या तीन रांगांनी एकदम माना वर केल्या.

नीला खिडकीच्या काचेवर साचलेलं धुकं रुमालाने पुसत होती. मान न वळवताच ती म्हणाली, "इथे बसायचं नसतं."

"का बरं?"

"ज्योतीरामभाऊंची जागा आहे."

"ते कुठे चढतात?"

"ते आता चढत नाहीत. गेल्या महिन्यात रिटायर झाले."

"मग जमलं आमचं. मीही गेल्याच महिन्यात रिटायर झालो."

नीलाचा हात काचेवर थांबला. माणसाचे केस पिकतात, चेहरा सुटतो, चाल बदलते... आवाज मात्र लबाड असतो, तो आत कुठेतरी पंचविशीचाच राहतो. तिने हळूच वळून पाहिलं. मिशा नव्या होत्या, कपाळावरची आठी नवी होती. डोळे नवे नव्हते.

"नीला," तो म्हणाला. विचारलं नाही, नुसतं म्हणाला.

हा माणूस कधी समोर आला तर काय बोलायचं, याची वाक्यं तिने पस्तीस वर्षं घोटून ठेवली होती. काही झोंबणारी होती, एखाददुसरं उदारपणाचंही होतं. त्यातलं एकही वेळेवर हाताशी आलं नाही. ती म्हणाली, "या बसला तिकीट लागत नाही."

"बरं झालं," तो म्हणाला. "सुट्टे नव्हते."

तेवढ्यात पुढून स्वप्नाली धावत आली. स्वप्नाली कंपनीच्या एचआरमधली पोरगी. वय सव्वीस, आणि उत्साह असा की सकाळी सातलाही तिला जांभई येत नसे. "सर, तुमच्यासाठी पहिली सीट ठेवली होती ना. बरं का मंडळी, हे एअर मार्शल नागसेन शिरसाट. आपल्या विमानाच्या पार्टच्या लाइनला सल्लागार म्हणून आलेत, आठवड्यातून तीन दिवस. गाडी पाठवते म्हटलं तर म्हणाले, नको, सगळ्यांबरोबर बसने येतो."

ड्रायव्हर हिंदुरावांनी आरशातून पाहिलं. "सर, पुढं या की. मागं लय हादरे बसत्यात."

"हादऱ्यांची सवय आहे," नागसेन म्हणाला. "इथेच बरा आहे मी."

रीत मोडली होती, पण एअर मार्शलला उठवणार कोण? मागच्या रांगांनी माना परत खाली केल्या.

नागसेन शिरसाटची कारकीर्द नीलाला कुणी सांगायची गरज नव्हती. ती तिने याच खिडकीतून वाचली होती. पिंपरी चौकात सिग्नलला बस चाळीस सेकंद थांबते, आणि त्या चौकात तिच्या वस्तीतल्या पोराचं काही चांगलं झालं की फ्लेक्स लागतो. नागसेन विंग कमांडर झाला तेव्हा पहिला लागला. त्यावर मधोमध नगरसेवकाचे जोडलेले हात आणि कोपऱ्यात पासपोर्टच्या फोटोएवढा नागसेन. ग्रुप कॅप्टन झाला तेव्हा फ्लेक्सवाल्याने लढाऊ वैमानिकाच्या पाठीमागे खिडक्याबिडक्या असलेलं प्रवासी विमान चिकटवलं. एअर कमोडोर झाला तेव्हा शेजारी बायकोचा फोटो होता. आखूड केस, शांत डोळे. तो पंधरवडा नीला सिग्नल आला की डोळे मिटून घ्यायची आणि चाळीस सेकंद संपायच्या आत एकदा तरी उघडायची. मग एअर व्हाइस मार्शल. मग एअर मार्शल, तो फ्लेक्स तर दुमजली होता. पंधरा दिवस झाले की महापालिकेची गाडी यायची आणि सगळं गुंडाळून न्यायची. तेवढे पंधरा दिवस रोजची चाळीस सेकंदं तिची असायची. याबद्दल ती कुणाशी कधी बोलली नाही, आणि बोलण्यासारखं त्यात होतं तरी काय.

एका गोष्टीचा मात्र फ्लेक्स लागला नव्हता. राजस्थानात त्याच्या विमानावर घार आदळली आणि त्याला हवाई छत्रीने उडी टाकावी लागली. पेपरात दोन ओळी होत्या, 'वैमानिक बचावला', नावही नव्हतं. नाव विहारात कळलं. वस्तीने त्याच्यासाठी वंदना ठेवली, तेव्हा नीला अगदी मागच्या रांगेत उभी राहिली. शेजारी तिचे वडील भिवा ओव्हाळ. ओतशाळेत भट्टीवर आयुष्य काढलेला माणूस, शब्दाला पक्का, तोंडाला फाटका. घरी येताना म्हणाले, "शबूद मोडला त्यानं आपला. पर प्वार आपलं हाय."

शब्द मोडला तो असा.

नागसेन दहाव्या वर्षीच सातारच्या सैनिक शाळेत गेला होता, तिथून खडकवासल्याला, तिथून विमानात. वस्तीत तो सुट्टीपुरता पाहुणा. अशाच एका सुट्टीत विहारासमोर त्याच्या सायकलची चेन पडली. हा तिथे रस्त्यात बसून अर्धा तास झटतोय, आणि आयटीआयच्या निळ्या डगल्यातली एक पोरगी उभी राहून बघतेय.

"तुम्ही ते विमानवाले ना?" तिने विचारलं.

"हो."

"विमान उडवता आणि सायकलची चेन बसत नाही?"

"विमानाला चेन नसते."

"सरका."

एका मिनिटात तिने चेन बसवली आणि काळे हात त्याच्या पांढऱ्याशुभ्र रुमालाला पुसून रुमाल परत दिला. नागसेनने तो रुमाल धुतला नाही, असं त्याने पहिल्याच पत्रात लिहिलं. मग दीड वर्ष पत्रं. हवाईदलात पंचविशीच्या आत लग्नाला परवानगी मिळत नाही, म्हणून वाट बघणं. पंचवीस पूर्ण झाली आणि त्याने लिहिलं, तुझ्या बाबांना भेटायला कधी येऊ? भिवा म्हणाले, "गुरवारी ये म्हनावं. रीतसर बोलू."

त्या गुरुवारी ओव्हाळांच्या दहा बाय बाराच्या खोलीत शेजारून चार खुर्च्या आणल्या. आईने चिवडा केला. काका लोणावळ्याहून आले. नीलाने मोरपंखी साडी नेसली आणि दुपारी दोनपासून संध्याकाळी सातपर्यंत ती स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहिली, बसली तर साडी चुरगळली असती. नागसेन आला नाही. निरोप नाही, तार नाही. दिवेलागणीला भिवांनी एकेक खुर्ची उचलून ज्याची त्याला परत केली. शेवटची ठेवून आले तेव्हा म्हणाले, "सायब झाला त्यो. आपल्या खुर्च्या बारीक पडल्या त्याला. हितनं म्होरं त्याला कागद लिवायचा न्हाई."

नीलाने लिहिला नाही. त्याचाही आला नाही. चार वर्षांनी कळलं की त्याचं लग्न झालं. तिला स्थळं आली, तशी गेली. धाकट्या बहिणीचं लग्न, आईचं आजारपण, मग बाबांचा लकवा... तिला कुणी विचारलं की ती हसून म्हणायची, "वेळच नाही मिळाला बघा." खरं कारण तिला ठाऊक होतं. कुणासाठी आपण लहान पडलो, हे एकदा मनात बसलं की दुसऱ्या कुणासमोर ताठ उभं राहता येत नाही. लग्नाच्या बाबतीत तरी नाहीच.

आणि आता तो शेजारी बसून थर्मासमधून चहा ओतत होता.

"घे."

"मी बसमध्ये काही घेत नाही."

"का?"

"मोशीच्या पुलाला सांडतो."

त्याने कप हातात धरला. मोशीचा पूल आला, बस उडाली, एक थेंब सांडला नाही. त्याने कप पुढे केला. "आता?"

तिने घेतला. चहात साखर बेताची होती, तिला लागते तेवढीच. हा योगायोग आहे असं तिने स्वतःला बजावलं.

पुढच्या आठवड्यापासून दोन कप आले. मंगळवार, बुधवार, शुक्रवार... ते तीन दिवस नीला साडीच्या निऱ्या दोनदा बघायची. अठ्ठावन्नाव्या वर्षी शोभतं का हे, असं आरशाला विचारायची, आणि आरसा काही बोलायच्या आत दार ओढून निघायची. तो बोलायचा ते सगळं वरवरचं. सांगवीत भावाकडे राहतो, मुलगी बंगळूरला, बायको सरोज सहा वर्षांपूर्वी गेली. नीला 'हं' म्हणायची. ती कंपनीच्या स्टँडर्ड रूममध्ये होती. तिथे पार्टची शेवटची मापं घेतात आणि बरोबर असेल तर प्रत्येकावर तपासणाऱ्याचा शिक्का बसतो. तिचा नंबर एकतीस.

"तुमच्या लाइनच्या पिना विमानात जातात, ठाऊक आहे ना?" तो एकदा म्हणाला. "मी चालवलेल्या एखाद्या विमानात तुझा एकतीस नंबर असेल."

"असणारच."

"इतकी खात्री?"

"तुम्ही धड बसलायत ना इथे. म्हणूनच."

तो मोठ्याने हसला. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. नीलाने खिडकीकडे तोंड फिरवलं, पण काच पुसायला विसरली.

विचारायचं एकच होतं, गुरुवारी का आला नाहीस. आणि ते ती विचारणार नव्हती. उत्तर तिला माहीत आहे असं तिला वाटत होतं, आणि ते त्याच्या तोंडून ऐकण्याची तिची तयारी नव्हती. शिवाय दिवस तरी किती उरले होते? फेब्रुवारीच्या अठ्ठावीसला ती रिटायर होणार. त्यानंतर सात नंबरची बस तिच्यासाठी थांबणार नाही, आणि बसखेरीज या माणसाला भेटायचं तिच्याकडे दुसरं निमित्त नव्हतं. इतक्या वर्षांनी मिळालं ते दीड तासाचं शेजारपण. तेही विचारून नासवायचं कशाला?

मग तो शुक्रवार आला. संध्याकाळची परतीची बस, चाकणच्या बाजाराचा ऐन हंगाम. कांद्याचे ट्रक रस्ताभर तिरके लागलेले, बस कुरुळीच्या अलीकडे अडकून पडलेली. कांद्याचा उग्र वास खिडकीतून आत. स्वप्नाली पुढून मागे आली.

"सर, येत्या रविवारी मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट आहे. याल का?"

"रविवारी? सुट्टीच्या दिवशी कशाला त्रास देता सगळ्यांना?"

सगळी बस हसली. हिंदुराव स्टिअरिंगवर हात टेकून मागे वळले. "सर, आपल्या हितं रविवार म्हंजी कामाचा वार. सुट्टी गुरवारी."

"गुरुवारी? कधीपासून?"

"लय जुनं हाय ते. माझा बाप पिंपरीत कामाला व्हता, त्याचीबी गुरवारीच असायची. समद्यांनी एकदम कारखाने चालवले तर वीज पुरना, म्हून वार वाटून दिलते म्हनं. पिंपरी, भोसरी, चाकण... हितं लग्नंबी गुरवारीच लागत्यात बगा."

लोक हसून आपापल्या मोबाइलकडे वळले. नागसेन हसला नाही. त्याने पुढच्या सीटची दांडी धरली होती आणि त्याच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"काय झालं?" नीलाने विचारलं.

"नीला... एक्क्याण्णव साली तुझी सुट्टी कधी असायची?"

"गुरुवारी."

"आणि रविवारी?"

"रविवारी आम्ही तिघंही पहिल्या शिफ्टला. बाबा ओतशाळेत, आई धाकटीला घेऊन पिशव्यांच्या कारखान्यात, मी कंपनीत. का?"

समोरचा ट्रक दोन हात पुढे सरकला, बस दोन हात सरकली.

"मी आलो होतो," तो म्हणाला.

"कधी?"

"त्या गुरुवारनंतरच्या रविवारी. बुधवारी माझी रजा रद्द झाली. हैदराबादच्या तळावर सराव सुरू होता. तुमच्या गल्लीत फोन नव्हता, तार करावी तर दोन शब्दांत काय सांगणार... म्हटलं तीन दिवसांत काय बिघडतं, स्वतःच जाऊन पाया पडतो. शनिवारी रात्री गाडीत बसलो. सकाळी पुण्याला उतरून किलोभर पेढे घेतले, दहाला तुमच्या दारात. दाराला कुलूप."

नीला सीटवर पूर्ण वळून त्याच्याकडे बघायला लागली.

"शेजारचं दार बंद, समोरचं बंद. अख्खी गल्ली बंद. मी पायरीवर अडीच तास बसलो. घरी अजून काहीच सांगितलं नव्हतं, म्हणून तिकडे न जाताच परत फिरलो. मला वाटलं, भर रविवारी सगळं घर कुलूप लावून जातं म्हणजे मुद्दामच. गुरुवारचा राग. आणि खरं सांगू? मला गुरुवारचाही राग आला होता. आपल्यात वार कुठे बघतात? मग बाबांनी बरोबर गुरुवारच का धरावा? मला रजा मिळणार नाही असा वार शोधून काढला, पोराची परीक्षा बघतायत, असं वाटलं मला."

"अरे, सुट्टी होती त्यांची." नीलाचा आवाज चिरकला. इतक्या दिवसांचं अहो-जाहो कुठल्या कुठे गळून पडलं. "सुट्टी होती रे गुरुवारची. कामगाराने पाहुण्याला दुसरं कधी बोलवायचं?"

"मला कळलंच नाही. आमचे वडील महापालिकेच्या शाळेत शिपाई. आमच्या घरी रविवारच सुट्टीचा. आणि मी तर दहाव्या वर्षापासून बाहेर. वस्तीतला म्हणवून घेतो आणि वस्तीचा वार ठाऊक नाही मला."

"पत्र का नाही लिहिलंस?"

"कुलूप हेच उत्तर समजलो. पंधरा दिवसांत आसामला बदली झाली, ती मीच मागून घेतली." तो थांबला. "तू का नाही लिहिलंस?"

"बाबांनी नको म्हटलं. आणि मलाही... मला वाटलं, आमच्या खुर्च्या तुला बारीक पडल्या."

"मला वाटलं, तुमच्या दाराला मी बारीक पडलो."

नीला हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना धार लागली, आणि ती पुसायचं तिच्या लक्षात आलं नाही. हे लपवायचंही कारण नव्हतं, कांद्याचे ट्रक चहूबाजूंना होते आणि अर्ध्या बसचे डोळे पाणावलेले होते. पस्तीस वर्षं आपण नाकारलेली म्हणून जगलो, आणि नाकारलं कुणीच नव्हतं... राग करावा तर कुणाचा, वाराचा?

"पेढ्यांचं काय केलंस?" तिने नाक ओढत विचारलं.

"पुणे स्टेशनवर हमालांना वाटले. ते विचारत होते, साहेब, काय झालं? म्हटलं, बढती झाली."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "सरोजला ठाऊक होतं?"

"सगळं. लग्नाआधीच सांगितलं होतं. ती म्हणायची, त्या कुलपाचे माझ्यावर उपकार आहेत." तो जरा हसला. "चांगली होती ती, नीला. मी तिच्याशी प्रामाणिक होतो. पण पिंपरीवरून उडताना मी खाली बघायचो. वरून काही दिसत नाही, नुसते पत्रे. तरी बघायचो."

नीलाने मनातल्या मनात तो सिग्नल आठवला आणि त्याच्याबद्दल त्याला सांगितलं. विंग कमांडरपासून दुमजली फ्लेक्सपर्यंत सगळं, प्रवासी विमानासकट. मिटलेल्या डोळ्यांचंही सांगितलं. तो ऐकत राहिला. बस नाशिक फाट्याला पोचली तरी तो उठला नाही. हिंदुरावांनी दोनदा हॉर्न वाजवला, तेव्हा कुठे उतरला.

आता तो विचारेल असं तिला वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

पण नाही. रविवारी तो ऑडिटला आला, दोन कप चहा आणला, बाबांची आठवण काढली, गप्प बसला. मंगळवारी मिरचीच्या भावावर बोलला. बुधवारी "नीला, मी म्हणत होतो..." असं म्हणाला, आणि पुढे म्हणाला ते एवढंच की यंदा थंडी लवकर गेली. ज्या माणसाने पडत्या विमानातून उडी टाकली, पाचशे वैमानिकांचा कारभार पाहिला, त्याला एक वाक्य पुरं होईना. नीलाला कळत होतं. एकदा बंद दारासमोरून परत गेलेला माणूस दुसऱ्यांदा कडी वाजवायला घाबरतो. कळत होतं, पण जीव तुटतच होता. घरी कुकरच्या शिट्ट्या मोजताना, भाजी निवडताना, स्टँडर्ड रूममध्ये मापं घेताना तिचे कान त्या अर्ध्या वाक्याकडे लागलेले असायचे. 'मी म्हणत होतो...' काय म्हणत होतास रे? म्हण की.

स्वप्नालीने एकदा डब्याच्या सुट्टीत गाठलंच. "नीलाताई, शिरसाट सर सुट्टीच्या दिवशी तुमचा नंबर विचारत होते. मी दिला."

"फोन नाही आला."

"नाही आला?" स्वप्नाली कपाळाला हात लावून म्हणाली. "मग यांनी युद्धात बटण कसं दाबलं असेल?"

शेवटचा आठवडा लागला. मंगळवारी, चोवीस तारखेला, बस भोसरी ओलांडत असताना स्वप्नाली हातात टॅब घेऊन आली. या कंपनीत रिटायर होणाऱ्या माणसाला न्यायला घरचं माणूस थेट आत, त्याच्या कामाच्या जागेपर्यंत येतं. सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात आणि दोघांनी बरोबर फाटकापर्यंत चालत यायचं, अशी पद्धत. त्यासाठी फाटकाचा पास आधी काढावा लागतो.

"ताई, शनिवारी तुम्हाला न्यायला कोण येणार? नाव टाकायचंय. बहीण येते का नांदेडहून?"

"तिच्या सुनेचे दिवस भरलेत. नाही जमणार."

"मग? कुणाचं तरी नाव लागेल. एकटं नाही ना जायचं त्या दिवशी."

नीलाने खिडकीबाहेर पाहिलं. शेजारी नागसेनने चहाचा कप ओठांपाशी नेला होता, तो तिथेच राहिला होता. तो आताही बोलणार नाही, हे तिला स्वच्छ दिसलं. आणि आणखीही एक दिसलं. पस्तीस वर्षांपूर्वी ती ओट्याशी उभी राहिली होती, कुणीतरी येऊन विचारेल म्हणून. पाच तास उभी राहिली. आता तिचे पाय दुखत होते.

"लिही," ती म्हणाली. "नागसेन शिरसाट."

स्वप्नाली गोंधळली. "सरांना पास लागत नाही, ताई. ते सल्लागार आहेत, त्यांचं कार्ड आहे."

"कार्डावर नको. घरचा म्हणून येऊ दे."

मागच्या तीन रांगांनी मोबाइल खाली ठेवले. हिंदुरावांनी आरसा जरा हलवला.

स्वप्नालीने नाव टाकलं. मग तिचं बोट अडलं. "नातं विचारतंय. यादीतूनच निवडावं लागतं. वडील, आई, पती, पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, इतर." तिने सावकाश विचारलं, "इतर टाकू?"

"पस्तीस वर्षं इतरच होता," नीला म्हणाली. "पती टाक."

स्वप्नालीचं बोट टॅबवरून मागे आलं.

"ताई... सिस्टिममध्ये खोटं नाही ना टाकता येत."

"चुकीच्या मापावर शिक्का मारलेला पाहिलायस का कधी माझा? शनिवारचा पास आहे. परवा गुरुवार, सुट्टी आहे, विहारात लग्न लावता येतं. शनिवारपर्यंत खरं झालेलं असेल."

एवढं बोलून तिचं बळ संपलं. तिने दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरले. शेजारी बघायची छाती होईना. मग त्या हातांवर एक मोठा, उबदार हात आला. त्या हाताने चहा सांडला होता, आज पहिल्यांदाच, आणि मोशीचा पूल अजून यायचा होता.

"मला कुणी विचारलंच नाही," नागसेन म्हणाला.

"तू तरी कुठे विचारलंस? कुलपाला विचारून गेलास." आता तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते, आणि आज आसपास कांद्याचा एकही ट्रक नव्हता. "गुरुवारी चालेल ना? की साहेबांना रविवारच पाहिजे?"

"गुरुवारी. किती वाजता?"

"दहाला. आणि नागसेन... मी वेळेवर नाही दिसले, दार बंद असलं, काहीही असलं, तरी निघून जाऊ नकोस. थांब."

"थांबतो," तो म्हणाला.